पेटीतलं बाळ मोठं झालं

"चौदाशे पन्नास ग्रॅम," आई म्हणाली. क्षणभरही न थांबता.

मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. धाकटा भाऊ, आई आणि मी. भाऊ तेव्हा ३४ वर्षांचा. बिल्टीवरच्या आकड्यांत सारख्या चुका होतात म्हणून ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातली त्याची नोकरी नुकतीच सुटली होती. ती तिसरी. डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं, शाळेबद्दल विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का तेही विचारलं. मग आईकडे वळून म्हणाले, "आई, याचं जन्माचं वजन आठवतंय का?"

माझे दहावीचे मार्क आज आईला सांगता येणार नाहीत. पण १९८८च्या पावसाळ्यात, आठवा लागतो न लागतो तोच झालेल्या त्या बाळाचं पहिल्या दिवसाचं वजन, मग आठवडाभरात उतरलेलं वजन, एकविसाव्या दिवशी पुन्हा भरलेलं वजन, सगळं तिने एका दमात सांगितलं. २६ दिवस तो काचेच्या पेटीत होता. हात लावायची परवानगी नव्हती. रात्रपाळीच्या एक वयस्कर सिस्टर तिला म्हणायच्या, "रडू नका बाई. नुसतं जवळ बसा. त्याला कळतं." आई स्टूल ओढून काचेशी बसून राहायची.

डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला आणि त्याखाली रेघ ओढली. ती का ओढली हे समजून घ्यायला मला पुढची दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत जे वाचलं, विचारलं आणि घरात पाहिलं, ते इथे मांडते आहे. कारण असा आकडा असलेली माणसं महाराष्ट्रात घरोघरी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना तो कुणी विचारलेलाच नाही.

अडीच किलोच्या आत

जन्मताना वजन अडीच किलोपेक्षा कमी असलं तर जागतिक आरोग्य संघटना त्या बाळाला कमी वजनाचं धरते. दीड किलोच्या खाली अतिशय कमी, एक किलोच्या खाली अत्यंत कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, वजनाची नोंद असलेल्या भारतीय बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं या रेघेच्या आत होती. वर्षाला चाळीस लाखांच्या घरात जाणारी ही संख्या आहे.

वजन कमी राहण्याच्या दोन वाटा. एक, दिवस भरण्याआधीच बाळ होणं. दुसरी, दिवस पूर्ण भरूनही पोटात नीट वाढ न होणं. श्रीमंत देशांत पहिली वाट मोठी, आपल्याकडे दुसरी. आईच्या अंगात रक्त कमी, तिचं स्वतःचं बालपण अर्धपोटी, नवव्या महिन्यापर्यंत निंदणी-खुरपणी, वाढलेला रक्तदाब, मलेरिया. शिवाय मिश्री. मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्री किंवा तत्सम तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. एकवेळच्या जेवणावर दिवस काढणारी बाई भूक मारायला मिश्री लावते, हे ज्याने पाहिलंय तो या आकड्याचा दोष तिच्या माथी मारणार नाही.

पूर्वी अशी बरीच बाळं दगावत. ती वाचू लागली याचं श्रेय बऱ्याच अंशी महाराष्ट्राचं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला. ३९ गावांतल्या आरोग्यदूत बाया घरोघरी जाऊन बाळाला तोलायच्या, ऊबदार गुंडाळायच्या, छातीला लावून दूध पाजायला शिकवायच्या, जंतुसंसर्गावर औषध द्यायच्या. तिथे जन्मणाऱ्या शंभरातली ४२ बाळं अडीच किलोच्या आतली होती. तरीही प्रयोगाच्या अखेरीस नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे देशभर आशाताईंनी हेच काम उचललं. त्या गावांत तेव्हा वाचलेली बाळं आज तिशीच्या उंबरठ्यावर आहेत. ती नोकऱ्या करतात, शेती करतात, त्यांची लग्नं झाली आहेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने असाच मोठा वारसा निर्माण केला. १९८७ ते १९८९ या काळात तिथल्या नवजात विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा माग डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत ठेवला. आपल्या देशात इतक्या चिकाटीने झालेले असे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाराव्या वर्षी त्यांना काय दिसलं? या मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत होती, पण पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा सरासरीने काहीशी कमी. डोळ्यांनी पाहून हाताने उतरवण्याचं काम त्यांना जड जात होतं. लेखन आणि गणित यांत अडचण होती.

हे वाचलं तेव्हा मी ट्रंकेतून भावाचं चौथीचं प्रगतिपुस्तक काढलं. बाईंनी लाल शाईत शेरा मारला होता: 'हुशार आहे. लक्ष देत नाही. अक्षर सुधारावे.' दुसऱ्या सत्रातही तोच शेरा, तिसऱ्यातही तोच.

वजनाचा लक्षाशी काय संबंध?

भावाच्या त्रासाला डॉक्टरांनी पुढे एडीएचडी म्हटलं. एडीएचडी म्हणजे अवधान टिकवण्यातली आणि स्वतःला आवरण्यातली मेंदूची जन्मजात अडचण. ती आळसातून येत नाही आणि वळण न लावल्यामुळेही येत नाही. बराचसा भाग आनुवंशिक असतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून तो सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास मानला जातो. उरलेल्या भागात जन्माआधीच्या आणि जन्मावेळच्या परिस्थितीचा वाटा आहे, आणि जन्माचं वजन ही त्या परिस्थितीची सगळ्यात सहज मोजता येणारी खूण.

गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणाऱ्या तंतूंवर वेष्टन चढतं. ते चढवणाऱ्या पेशी या काळात कोवळ्या असतात. प्राणवायू कमी पडला, वारेतून पोषण कमी आलं, की मार आधी त्यांना बसतो. रस्ते तयार होतात, पण काही अरुंद राहतात. पुढे एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळताना, नको तो आवाज बाजूला सारताना, मनात आकडा धरून ठेवताना याच रस्त्यांवर गर्दी होते.

नॉर्वेत प्रत्येक जन्माची राष्ट्रीय नोंद १९६७पासून ठेवली जाते. एडीएचडीवर औषध सुरू असलेल्या २३२३ प्रौढांच्या जन्मनोंदी तिथल्या संशोधकांनी बाकीच्या लोकसंख्येशी ताडून पाहिल्या. निष्कर्ष २०१२मध्ये आले. अडीच किलोच्या आत जन्मलेल्यांत प्रौढपणी एडीएचडी असण्याचा धोका दीडपट, दीड किलोच्या आत जन्मलेल्यांत दुपटीहून किंचित जास्त. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. एकाच आईच्या पोटात वाढलेल्या दोघांपैकी ज्याचं वजन कमी, त्याच्यात ही लक्षणं थोडी जास्त. म्हणजे घर तेच, आईबाप तेच, तरी वजनाचा म्हणून वेगळा वाटा राहतोच.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास मला हेलसिंकीचा वाटतो. दीड किलोच्या आत जन्मलेल्या तरुणांना तिथे त्यांच्या लक्षणांबद्दल विचारलं गेलं. अडचणी ठळक होत्या त्या नुसत्या वेळेआधी झालेल्यांत नव्हे, तर गर्भवयाच्या मानानेही लहान राहिलेल्यांत. पोटात वाढ खुंटणं हीच तर आपल्याकडची मोठी वाट. नॉर्वे-फिनलंडच्या निष्कर्षांकडे पाहून 'हे तिकडचं' असं आपल्याला म्हणता येत नाही.

पण दीडपट या शब्दाने घाबरून जायला नको. प्रौढांत एडीएचडी साधारण शंभरात अडीच जणांना असतो असं धरलं, तर दीडपट म्हणजे पावणेचार. कमी वजनाची बहुतेक मुलं मोठी होऊन अशा त्रासाशिवाय जगतात, आणि साडेतीन किलोंच्या बाळालाही एडीएचडी असू शकतो. वजनावरून निदान होत नाही. डॉक्टरांची आणि घरच्यांची नजर कुठे जायला हवी, एवढंच ते सांगतं.

शांत बसलेलं मूल

एडीएचडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पायाला भिंगरी लावलेलं मूल येतं. बाकावर उभं राहणारं, फळ्याशी पळणारं, शेजारच्याला ढकलणारं. वेळेआधी जन्मलेल्या किंवा जन्मताना लहानखुऱ्या असलेल्या मुलांचं चित्र बरेचदा वेगळं असतं. ब्रिटनमध्ये नील मार्लो आणि समंथा जॉन्सन यांनी अशा मुलांच्या वागण्याचा जो साचा मांडला, त्यात दंगामस्ती मागे राहते. पुढे असतं ते हरवलेलं लक्ष, मनातली धास्ती आणि चारचौघांत मिसळण्याची अडचण. अशी मुलं वर्गाला त्रास देत नाहीत. म्हणून त्यांना कुणी तज्ज्ञाकडे नेत नाही. मुलींच्या बाबतीत तर नाहीच नाही. त्या 'स्वप्नाळू', 'वेंधळ्या' म्हणून वाढतात आणि सासरी गेल्यावर गॅसवर दूध उतू जाण्यावरून बोलणी खातात.

माझा भाऊही शांत होता. तिखटमीठ आणायला पाठवला की साखर घेऊन यायचा. क्रिकेटमध्ये झेल सुटायचा. इतिहासाचा धडा शब्दन् शब्द सांगायचा आणि हातचा घ्यायला विसरायचा. आजी म्हणायची, "पेटीतलं पोर, जरा नाजूकच." तिने प्रेमाने म्हटलं होतं आणि निरीक्षणही खरं होतं. फक्त त्याच्यापुढे कुणी गेलं नाही.

प्रौढपणी हे लपत नाही. शाळेत घंटा होती, आईची हाक होती, परीक्षेचं वेळापत्रक होतं. नोकरी आणि संसारात घंटा स्वतःच वाजवावी लागते. विजेचं बिल, मुलाची फी, गाडीचा विमा, साहेबांचा फोन, हातातली बिल्टी. ट्रकचा नंबर ४७१८ असेल तर भाऊ ४७८१ लिहायचा. माल नाशिकऐवजी भलतीकडे पोचला नाही तो नशिबाने. रात्री तो मला फोन करून म्हणायचा, "ताई, मी मुद्दाम करत नाही गं." हे वाक्य त्याने आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

निदान कसं होतं

२०१३च्या निदान-नियमावलीप्रमाणे सतरा किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसात ठरावीक लक्षणांपैकी किमान पाच हवीत, मुलांसाठी सहा. त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत. ती घर आणि काम अशा एकाहून जास्त ठिकाणी आड यायला हवीत. म्हणून प्रौढाच्या निदानात आई, मावशी, मोठी बहीण, जुनं प्रगतिपुस्तक यांना मोल असतं. मोबाइलवरची प्रश्नावली भरून निदान होत नाही. थायरॉइड, अपुरी झोप, नैराश्य, चिंता यांनीही लक्ष उडतं. ते आधी तपासावं लागतं.

ब्रिटनच्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेत एडीएचडीची शक्यता जास्त असलेल्या गटांच्या यादीत वेळेआधी जन्मलेल्यांचं नाव आहे. आपल्याकडेही प्रौढांच्या केसपेपरवर 'जन्मवजन' असा एक रकाना असावा, ही माझी पहिली मागणी. त्याला शाईखेरीज काही खर्च नाही.

त्या रकान्याचा उपयोग फक्त मनाच्या डॉक्टरांना नाही. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून सुईणींच्या प्रमुख मार्गारेट बर्नसाइड यांनी प्रत्येक बाळाला तोलून वजन वहीत लिहायला लावलं. त्या वह्या पुढे डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. १९८९मध्ये त्यांनी दाखवून दिलं की कमी वजनाने जन्मलेले पुरुष मोठेपणी हृदयविकाराने जास्त मरतात. पुण्याच्या केईएममध्येच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून आसपासच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त असलेलं भारतीय बाळ त्यांनी जगापुढे आणलं. अशा बाळाला पुढे मधुमेहाचा धोका जास्त.

आता हे दोन धागे एकत्र ओढा. एडीएचडीवरचं मुख्य औषध मिथाइलफेनिडेट. ते नाडी आणि रक्तदाब थोडा वाढवतं. आणि कमी वजनाने जन्मलेल्या माणसाचा रक्तदाब मुळातच चढता असण्याची शक्यता जास्त. म्हणजे ज्या माणसाला या औषधाची गरज पडण्याचा संभव अधिक, त्याच माणसाचा रक्तदाब अधिक जपायला हवा. औषध द्यायचंच नाही, असा याचा अर्थ नाही. सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी, वजन, हृदयाचा इतिहास आणि शक्यतो साखर पाहायची, मात्रा हळूहळू वाढवायची आणि दर भेटीला पट्टा बांधायचा. भावाचा रक्तदाब पहिल्याच भेटीत १४०च्या वर निघाला. आधी तो आटोक्यात आणला, मग महिन्याभराने गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी रेघ ओढली होती, ती याचसाठीही.

हे औषध आपल्या कायद्यात परिशिष्ट 'एक्स'मध्ये येतं. दुकानदाराला चिठ्ठीची एक प्रत ठेवून घ्यावी लागते. त्यामुळे पुष्कळ दुकानं ते ठेवतच नाहीत. पहिल्या महिन्यात भाऊ आणि मी चार दुकानं फिरलो. विसरभोळ्या माणसाच्या औषधासाठीच सगळ्यात जास्त लक्षात ठेवावं लागतं, हे त्या दिवशी कळलं. आता चिठ्ठीच्या दोन प्रती त्याच्या बायकोच्या पर्समध्ये असतात आणि गोळ्यांची पट्टी संपायच्या आठ दिवस आधी ती दुकानात फोन करते. ज्यांना हे औषध सोसत नाही त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिनसारखे दुसरे पर्याय आहेत. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

गोळीच्या पलीकडे

गोळीने भावाचं डोकं, त्याच्या शब्दांत, 'बाजार उठल्यावरच्या चौकासारखं' झालं. पण मोकळ्या चौकात काय मांडायचं हे शिकावंच लागतं. बोस्टनमध्ये २०१०च्या एका अभ्यासात औषध घेऊनही अडचणी उरलेल्या ८६ प्रौढांपैकी निम्म्यांना कामाची आखणी, लक्ष उडण्यावरचे उपाय आणि 'मला जमणारच नाही' या विचाराशी झगडणं शिकवलं गेलं. उरलेल्यांना शरीर-मन सैल सोडण्याचे व्यायाम आणि माहिती देण्यात आली. शिकवलेल्यांत सुधारणा स्पष्टपणे जास्त होती.

आमच्या घरात हे शिकणं असं दिसतं. दाराशी खुंटीखाली स्टीलची एक ताटली. किल्ल्या, पाकीट, चष्मा, मोबाइल तिथेच. वह्या तीन नाहीत, एकच, खिशात मावणारी. नव्या ऑफिसात त्याने मालकांना सरळ सांगितलं: एक बिल्टी पूर्ण होईपर्यंत फोन दुसऱ्याने घ्यावा, आणि ट्रकचा नंबर मी मोठ्याने वाचेन, हमालांच्या मुकादमाने 'बरोबर' म्हणावं. मालक तयार झाले. चुका थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या आणि वेळेत सापडू लागल्या. बारीक अक्षर आणि रकाने त्याला जड जातात, म्हणून त्याने छापील नमुन्यातले चौकोन मोठे करून घेतले. केईएमच्या संशोधकांनी बाराव्या वर्षी मोजलेली अडचण चौतिसाव्या वर्षी मोठ्या चौकोनाने हलकी झाली.

घरच्यांनाही शिकावं लागलं. एका वेळी एकच काम सांगायचं, लिहून द्यायचं, आणि 'एवढं साधं कसं विसरतोस' हे वाक्य घरातून हद्दपार करायचं. भावाची बायको म्हणते, "आधी मला वाटायचं, माझं म्हणणं यांना महत्त्वाचं वाटत नाही. आता कळतं, महत्त्वाचं वाटतं, तरी निसटतं." त्यांच्या संसारातलं निम्मं भांडण या एका समजुतीने मिटलं.

अठराव्या वर्षी बंद होणारं दार

विशेष नवजात कक्षातून घरी गेलेल्या बाळाची आशाताई घरी येऊन पाहणी करतात. २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतो, जिल्ह्याच्या लवकर उपचार केंद्रात पाठवतो. हे मोठंच काम आहे. पण अठरा पूर्ण झाली की दार बंद. वाढीची फाइल बालरोगतज्ज्ञांकडे राहते आणि माणूस कोऱ्या कागदानिशी प्रौढांच्या दवाखान्यात जातो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे मालकाने समजून घेतलं तर घेतलं.

म्हणून आणखी दोन मागण्या. माता-बाल संरक्षण कार्ड फेकू नका. ते मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर ठेवा आणि तो सज्ञान झाला की त्याच्या हाती द्या. आणि शासनाने अठराव्या वर्षी एक निरोपाची तपासणी ठेवावी: लक्ष, हिशेब, नजर, रक्तदाब, साखर; सोबत पुढे कुठे जायचं याची चिठ्ठी. तोवर ज्यांना आत्ताच कुणाशी बोलायचं आहे त्यांच्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीतही बोलता येतं.

त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आई पायरीवर बसली. म्हणाली, "माझ्यामुळेच ना? मी सातव्यातही विहिरीवरून पाणी आणत होते." डॉक्टरांनी आत सांगितलेलं मी पुन्हा सांगितलं: वारेचं कामकाज, रक्तदाब, आनुवंश, कितीतरी गोष्टी असतात, कुठल्या एकीकडे बोट दाखवता येत नाही. तिला पटलं की नाही, माहीत नाही.

कोलंबियात बोगोटा शहरात वेळेआधीच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तिथल्या बाळांना वीस वर्षांनी पुन्हा शोधून तपासलं गेलं. पेटीतल्या बाळांच्या तुलनेत या तरुणांत अतिचंचलता आणि आक्रमकपणा कमी आढळला. हे आईला वाचून दाखवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आम्हाला हात लावू देत नव्हते."

एडीएचडी असलेल्या पुष्कळ प्रौढांचा अनुभव असा की शेजारी कुणी नुसतं बसलं तरी काम पुढे सरकतं. भावाचंही तसंच. रविवारी संध्याकाळी तो आठवड्याचा हिशेब लिहायला बसतो. पूर्वी मी बसायचे, आता आई बसते. मेथीची जुडी घेऊन, निवडत. ती काही विचारत नाही, वहीत डोकावत नाही. मध्येच तो खिडकीबाहेर पाहू लागतो. मेथीचे देठ ताटलीत पडत राहतात. तो पुन्हा वहीकडे वळतो.